८८ ची कॉन्टेसा: बीएमसी इंजिन काढून इसुझू १.८ इंजिन आणि ५ गेअरचा बॉक्स बसवायचाय, कुणी केलंय का?

डिचोलीकर_८८
नमस्कार मंडळी. बाबांची १९८८ ची कॉन्टेसा (हिंदुस्तान मोटर्सची कार) आमच्याकडे डिचोलीत पडवीला लागून शेडमध्ये ७ वर्षं उभी होती, यंदा चतुर्थीआधी बाहेर काढली. इंजिन तेच जुनं बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या डिझाइनचं), १४८९ सीसीचं अँबॅसडरवालं, ४ गेअर, जेमतेम ५० एचपी. एवढं जड धूड आणि चोर्ला घाटात दुसऱ्या गेअरवर धापा टाकत चढायची, वरच्या वळणावर बाबा बॉनेट उघडून थांबायचे आणि आम्ही पोरं पाण्याचे कॅन घेऊन उभी, हे डोळ्यासमोर आहे अजून. आता इंजिन जाम आहे. मिस्त्री म्हणतो बोरिंग (सिलिंडर आतून कोरून) करून चालू करतो, पण मला त्याजागी कंपनीने नंतर कॉन्टेसाच्याच जीएलएक्स मॉडेलला दिलं ते इसुझूचं १.८ पेट्रोल टाकायचंय, ८८ एचपीवालं, त्याच्याच ५ गेअरच्या बॉक्ससकट. म्हापशात एक जण म्हणतो त्यापेक्षा नव्या एसयूव्हीचं डिझेल टाक, ताकद बघ मग. बाबांना याच गाडीतून एकदा परत घाटाने बेळगावला न्यायचंय, बाकी काही हौस नाही. काय काय लागेल, कुठे फसायला होतं, सांगा प्लीज.

फोंड्याचा लेथवाला
भावा, पहिलं म्हणजे ते एसयूव्हीचं डिझेल डोक्यातून काढ. वजन पुढे येतं, स्प्रिंगा बसतात, वायरिंग आणि ईसीएमचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) गुंता होतो आणि शेवटी गाडी कॉन्टेसा राहत नाही. इसुझू हे तिच्याच घरातलं इंजिन आहे, १८१७ सीसी, ८४ बाय ८२ मिमीचा बोअर-स्ट्रोक (सिलिंडरची रुंदी आणि पिस्टनची चाल), मिळेल तर पूर्ण जीएलएक्सच डोनर (जिचे भाग काढून वापरायचे ती गाडी) म्हणून बघ. नाही मिळाली तर अँबॅसडर १८०० आयएसझेडलाही याच जातीचं इंजिन होतं, पण त्याचा संप (खालचं ऑइलचं भांडं), माउंटिंग आणि गेअर लिव्हरची जागा तुझ्या गाडीशी ताडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नको. सुटं इंजिन घ्यायचंच नाही. बेल हाऊसिंग, फ्लायव्हील, क्लच, गेअरबॉक्स, त्याचा क्रॉसमेंबर (खालचा आडवा आधार), इंजिन माउंटिंग, रेडिएटर, पुढचा सायलेन्सर पाइप, स्टार्टर, अगदी अॅक्सिलरेटरची केबलसुद्धा एकत्र उचल. हे एकेक शोधत बसलास की वर्ष जातं, माझं गेलंय.

खरी मेख प्रोपेलर शाफ्टची, म्हणजे गेअरबॉक्सपासून मागच्या अॅक्सलपर्यंत जाणाऱ्या फिरत्या दांड्याची. गेअरबॉक्सची लांबी बदलली की जुना शाफ्ट लांब तरी होतो नाहीतर तोकडा, मग नवीन बनवून बॅलन्स करून घ्यावा लागतो आणि तो बॅलन्स मशीनवरच व्हायला हवा. माप घेताना गाडी चारी चाकांवर उभी पाहिजे, जॅकवर अॅक्सल लोंबकळत असताना घेतलेलं माप चुकतंच. गेअरबॉक्सचा आणि डिफरन्शियलच्या (मागच्या अॅक्सलमधल्या गेअरच्या डब्याच्या) पिनियनचा कोन सारखा आला नाही तर ६०-७० च्या स्पीडला खालून घुर्र घुर्र सुरू होतं आणि माणूस उगाच शाफ्टचे युनिव्हर्सल जॉइंट (वळणारे सांधे) बदलत बसतो. डिफरन्शियलमधल्या क्राउन-पिनियन गेअरचे दात मोजून ठेव, रेशो कळला की पाचव्या गेअरला इंजिन किती फिरेल ते आधीच कागदावर काढता येतं आणि स्पीडोमीटर खोटं का दाखवतो हेही कळतं. बेळगावच्या उद्यमबागेत मशीनिंग चांगलं होतं, मी शाफ्ट तिकडूनच केला.

अजून एक, या इसुझू इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचा भाग) अॅल्युमिनियमचं आहे, एकदा गरम होऊन वाकलं की संपलं. विहिरीचं पाणी बिलकुल नको, कूलंटच टाक आणि घेण्याआधी हेड सपाट आहे की नाही ते पट्टी लावून बघ.

मडगाव_कागदपत्रं
इंजिन उतरवण्याआधी आरटीओत जा, नंतर नाही. आरसीवर इंजिन नंबर आणि सीसी दोन्ही बदलणार. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आधी परवानगी लागते, इंजिन बदललंच असेल तर १४ दिवसांत कळवायचं. कंपनीने ठरवलेल्या स्पेसिफिकेशनच्या बाहेर बदल चालत नाही असं सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये सांगितलंय, म्हणून त्याच मॉडेलमधलं इंजिन असेल तर तुझं म्हणणं मांडायला आधार राहतो, एसयूव्हीच्या डिझेलला तोही नाही. डोनर गाडीच्या मालकाकडून विक्रीचा कागद आणि आरसीची कॉपी घे, चोरीचं इंजिन निघालं तर गाडी ठाण्यात जाते. कोणी विंटेज नोंदणी कर म्हणेल, पण २०२१ च्या नियमात ती ५० वर्षांवरच्या गाड्यांना आहे आणि त्यात इंजिन-चासीत मोठी उलथापालथ झालेली चालत नाही. गाडी ७ वर्षं उभी होती तर आरसीची मुदतही तपास, १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण असतं.

सत्तरीचा_जुना_ड्रायव्हर
मला वाटतं बीएमसीच ठेव. कास्ट आयर्नचं दणकट इंजिन, कुठल्याही गावात दुरुस्त होतं. मी अँबॅसडरवर २० वर्षं काढली, घाट हळू चढायचा, काय बिघडलं? आणि इसुझू टाकणारच असशील तर ब्रेक आधी कर. ताकद वाढवून ब्रेक जुनेच ठेवलेले लोक मी बघितलेत. चोर्ल्याची उतरण तू जाणतोस.

डिचोलीकर_८८
काका, तुमचं ब्रेकचं पटलं, मास्टर सिलिंडर आणि होज सगळे नवे घालतो. बीएमसी इंजिन मात्र विकणार नाही, ग्रीस लावून शेडमध्येच ठेवेन. लेथवाले भाऊ, आज खालून बघितलं तर पावसाळी दमटपणाने ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा आणि जॅक लावायची जागा कुजलीय, स्क्रू ड्रायव्हर आत गेला. आता आधी पत्राकाम की इंजिन?

फोंड्याचा लेथवाला
पत्राकाम, डोळे मिटून. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळं उचलते. नवीन इंजिनाचा ओढा कुजलेल्या पत्र्यावर आला की दरवाजे लागेनासे होतात. कापून नवा पत्रा वेल्ड करून घे, आतून अंडरकोट मार, मग क्रॉसमेंबरची जागा मोज. रविवारी डिचोलीला येतो, टेप आणि प्रोट्रॅक्टर घेऊन. गाडी चाकांवरच ठेव.