जुने भयपट आणि त्या काळच्या बातम्या : संबंध कुठवर जोडावा?

रामबागकर (इंदूर)

नमस्कार मंडळी. इंदुरात आमचा मित्रांचा एक गट दर महिन्याला एक जुना चित्रपट एकत्र पाहतो आणि त्याआधी कोणीतरी त्या काळाची थोडक्यात ओळख करून देतो. या पावसाळ्यात भयपट घ्यायचे ठरले आहे : १९२२ चा 'नोस्फेरातू', १९५४ चा जपानी 'गोजिरा' (म्हणजेच गॉडझिला या अजस्र प्राण्याचा चित्रपट) आणि १९६८ चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'. प्रास्ताविक माझ्याकडे आहे. वाचायला घेतले तर प्रत्येक भयपटामागे कुठले तरी युद्ध, साथ, खून किंवा अणुचाचणी उभी केलेली दिसते. यातले दिग्दर्शकाच्या मनात खरोखर किती होते आणि आपण मागाहून किती चिकटवले, हे कसे ओळखावे? ऐकणाऱ्यांच्या गळी भलतेच काही उतरवायचे नाही, म्हणून विचारतो आहे.

जुनी रिळे (पुणे)

पहिली कसोटी तारखांची लावा : बातमी आधीची की चित्रीकरण आधीचे? 'गोजिरा'बाबत शंकेला जागाच नाही. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर मासेमारी करणाऱ्या एका जपानी नौकेवर किरणोत्सारी राख पडली. नौकेवर २३ जण होते. त्यांतले बिनतारी संदेश सांभाळणारे आइकिची कुबोयामा सप्टेंबरात वारले आणि ३ नोव्हेंबरला चित्रपट झळकला. सुरुवातीला खलाशी डेकवर निवांत बसलेले असतात, कोणी गिटार वाजवत असतो, आणि एकाएकी समुद्र पांढराशुभ्र उजळतो. हा प्रसंग पाहताना तिथल्या प्रेक्षकाला कसली आठवण झाली असेल, हे वेगळे सांगायला नको. पुढे आगगाडीतले प्रवासी दूषित ट्यूना माशांबद्दल बोलतात आणि त्यांच्यातली एक तरुणी नागासाकीतून वाचलेली असते. १९५६ ची अमेरिकी आवृत्ती मात्र कृपा करून दाखवू नका, कारण हे संभाषण तीतून गाळले आहे आणि रेमंड बरने केलेला अमेरिकी वार्ताहर मध्येच घुसवला आहे.

'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'चे नेमके उलट आहे. त्याचे चित्रीकरण १९६७ मध्येच झाले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली ४ एप्रिल १९६८ रोजी, आणि ती बातमी आपण चित्रपटाची प्रिंट न्यूयॉर्कला नेताना मोटारीतल्या रेडिओवर ऐकली, असे दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. नायकाच्या भूमिकेसाठी कृष्णवर्णी ड्वेन जोन्स यांची निवडही ते सर्वांत चांगले नट वाटले म्हणून झाली. तेव्हा 'किंग यांच्या हत्येवरचा चित्रपट' असे म्हणणे सरळ चूक ठरेल.

मोरारचा वाचक (ग्वाल्हेर)

तारखांची कसोटी मान्य, पण ती निर्मात्याच्या हेतूपुरतीच चालते. ऑक्टोबर १९६८ मध्ये तिकीट काढून बसलेल्या माणसाने काय पाहिले, तेही इतिहासातच मोडते. रात्रभर एकट्याच्या हिमतीवर तगलेला कृष्णवर्णी नायक सकाळी बंदूकधारी गोऱ्यांच्या टोळीकडून मारला जातो, आणि शेवटी त्याचे प्रेत आकड्यांनी ओढतानाची स्थिरचित्रे वर्तमानपत्रातल्या फोटोंसारखी भरड, दाणेदार दिसतात. रोमेरोंच्या मनात काहीही असो, ती चित्रे त्या वर्षीच्या अमेरिकेत कोणी निर्विकारपणे पाहिली असतील, असे मला वाटत नाही. हेतू आणि परिणाम यांची गल्लत करू नये, एवढेच. परिणामाबद्दल गप्प राहण्याचे मात्र काही कारण नाही.

लोकमान्यनगर (इंदूर)

रामबागकरजी, 'नोस्फेरातू' या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतो. ब्रॅम स्टोकर यांच्या 'ड्रॅक्युला' या मूळ कादंबरीत रक्तपिपासू आहे, पण शहरभर पसरणारी प्लेगची साथ नाही. ती पटकथाकार हेन्रिक गालेन यांनी घातली : जहाजावरच्या शवपेट्यांतून उंदीर निघतात आणि एक माणूस खडूने घरांच्या दारांवर फुल्या मारत जातो. साथ जाणूनबुजून घातली, हे खात्रीने सांगता येते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाशी किंवा महायुद्धाशी तिचे नाते जोडायचे असेल, तर तो तर्क आहे असे स्पष्ट सांगून जोडावे.

आपल्या गावचा एक संदर्भही अवश्य द्या. होळकर दरबाराने नगररचनेसाठी बोलावलेले पॅट्रिक गेडिस यांनी प्लेगग्रस्त इंदुरात दिवाळीची मिरवणूक काढली होती. तीत प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिमा होती आणि शेवटी ती जाळण्यात आली. त्यांचा इंदूरविषयीचा अहवाल १९१८ चा आहे आणि 'नोस्फेरातू' बर्लिनमध्ये झळकला मार्च १९२२ मध्ये. एकाचे पाहून दुसऱ्याने केले, असे मुळीच नाही. पण ज्यांच्या पणजोबांनी प्लेगच्या भीतीने घर सोडून रानात झोपड्या घातल्या, त्या इंदूरकरांना दारावरच्या फुलीचा अर्थ चटकन कळेल.

रामबागकर (इंदूर)

सर्वांचे मनापासून आभार. आता 'गोजिरा' पहिला घेतो, कारण तिथे बातमी आणि चित्रपट यांचे नाते सर्वांत पक्के आहे, आणि जपानी आवृत्तीच दाखवतो. 'नोस्फेरातू'च्या प्रास्ताविकात गेडिस यांची मिरवणूक येईल. किंग यांच्या हत्येचा उल्लेख मात्र आधी न करता चित्रपट संपल्यावर चर्चेत करीन, म्हणजे ती शेवटची स्थिरचित्रे प्रत्येक जण आधी आपल्या नजरेने पाहील.