मराठीत बोलणाऱ्या शेती-मदतनिसाला ग्राफ डेटाबेस हवाच का?

बांधावरून
गेलं वर्षभर आम्ही तिघं फोनवर मराठीत उत्तरं देणारा शेतीचा मदतनीस बनवतोय. परवा एक रेकॉर्डिंग ऐकलं आणि हा धागा काढायचं ठरवलं.

शेतकरी म्हणतो, "करपा आलाय, काय मारू?" आमचं यंत्र टोमॅटोच्या उशिरा येणाऱ्या करप्यावर सुरू झालं आणि चाळीस सेकंद थांबलंच नाही. मध्ये तो दोनदा म्हणाला, "अहो, कांद्याचं विचारतोय मी." मग फोन ठेवून दिला.

यंत्राची ऐकण्यात चूक झाली नव्हती, 'करपा' नीट उमटला होता. पण आम्ही माहितीपत्रकांचे तुकडे करून ठेवलेत; प्रश्नाच्या सगळ्यात जवळचा तुकडा निघतो आणि वाचला जातो. आणि करपा हा काही एक रोग नाही. कांद्यावरचा जांभळा करपा अल्टर्नेरिया बुरशीचा. भातावरचा वेगळ्याच बुरशीचा. टोमॅटोवर दोन येतात: लवकर येणारा अल्टर्नेरियाच्याच कुळातला, उशिरा येणारा फायटोफ्थोराचा. हा फायटोफ्थोरा तर खरी बुरशीसुद्धा नाही, त्याची भावकी द्राक्षावरच्या केवडा रोगाशी. म्हणून मेटॅलॅक्सिल हा घटक केवड्यावर चालतो, टोमॅटोच्या उशिरा येणाऱ्या करप्यावर चालतो, आणि कांद्याच्या करप्यावर त्याचा काही उपयोग नाही. नावावरून शोधलं की नेमकं उलटं हाती येतं.

माझं म्हणणं असं की ही माहिती ग्राफ डेटाबेसमध्येच ठेवावी, म्हणजे प्रत्येक गोष्ट एक गाठ आणि दोन गोष्टींमधलं नातं ही त्यांना जोडणारी रेघ. निओफोरजे (Neo4j) हा तसाच एक डेटाबेस. त्यात ती अशी दिसेल, गोल कंसांत गाठी आणि मधे रेघ: (जांभळा करपा)-[:येतो_वर]->(कांदा). 'करपा' या नावापाशी चार रेघा निघताना दिसल्या की यंत्राला कळतं, आपल्याला अजून पीक माहीत नाही, मग ते आधी "कुठल्या पिकावर?" एवढंच विचारेल. पडद्यावर चार पर्याय दाखवता येतात, पण फोनवर चार उत्तरं कोण ऐकून घेणार?

जॉइनवाला
अडचण खरी आहे, उपाय पटला नाही. हे सगळं तीन तक्त्यांत बसतं: रोग, पीक, आणि कुठला रोग कुठल्या पिकावर. करपा शोधा, पिकं मोजा, एकाहून जास्त निघाली तर विचारा. पोस्टग्रेससारख्या तक्त्यांच्या डेटाबेसमध्ये दोन जॉइन, म्हणजे दोनदा तक्ते जोडले, की संपलं. किती पायऱ्या खोल जायचंय हे माहीत नसेल तर तीच पायरी पुन्हा पुन्हा चढणारी रिकर्सिव्ह क्वेरी तिथे २००९ पासून आहे.

ग्राफ डेटाबेसचा खरा उपयोग एका गाठीवरून दुसरीवर अशा उड्या पुष्कळ असतात आणि किती ते आधी ठाऊक नसतं तेव्हा. खोट्या खात्यांच्या साखळ्या शोधायच्या असतील तर जरूर वापरा. तुमची पिकं आणि रोग सगळे मिळून साध्या सर्व्हरच्या मेमरीत मावतील. त्यासाठी नवी भाषा, नवे बॅकअप आणि ते सांभाळणारा नवा माणूस कुठून आणणार? तक्त्यांना प्रश्न विचारायची भाषा एसक्यूएल प्रमाणित झाली १९८६ मध्ये, ग्राफसाठीची जीक्यूएल २०२४ मध्ये. तीन माणसांच्या गटाने हा फरक हलक्यात घेऊ नये.

बांधावरून
दोन जॉइन आजच्या प्रश्नाला पुरतील. पण द्राक्षाचं बघा. "पंधरा दिवसांनी माल युरोपला जायचाय, केवडा दिसतोय, आता काय मारता येईल?" यात रोगावरून घटक, घटकावरून औषध, औषधाचा द्राक्षावरचा लेबल क्लेम (त्या पिकावर वापरायची मंजुरी), काढणीआधी सोडायचे दिवस आणि त्या देशाची अंशमर्यादा (मालात औषधाचा किती अंश चालतो ते), एवढं एका दमात जोडावं लागतं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशांपायी युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले होते. ते ना कीडनाशक, ना बुरशीनाशक. वाढ रोखायला मारायचं सीसीसी. कुठली रेघ उद्या महत्त्वाची ठरेल हे आधी सांगता येत नाही, आणि दर वेळी नवा तक्ता काढत बसायचं का?

जॉइनवाला
नवा तक्ता कशाला? एकच तक्ता, तीन रकाने: कुठून, कुठलं नातं, कुठे. नवं नातं म्हणजे नवी ओळ. आणि तुमच्या पाच उड्या ठरलेल्या क्रमाने आहेत, त्यात शोधण्यासारखं काही नाही. माहिती ग्राफसारखी मांडा, याला माझा विरोध नाही. त्यासाठी वेगळा डेटाबेस आणायला आहे.

नवी खोली
दोघंही जुन्या वाटेने चाललाय असं वाटतं. आजच्या भाषा-मॉडेलला "करपा आलाय" म्हटलं की ते स्वतःच "कोणत्या पिकावर?" विचारतं. रेघा हाताने ओढण्यात वर्ष का घालवायचं?

बांधावरून
विचारतं, खरं आहे. पण मग लिटरला किती मिली हे आठवणीतून सांगतं, आणि चुकीचा आकडाही तितक्याच ठामपणे सांगतं. समोरचा माणूस तो ऐकून पंपात औषध ओतणार आहे. मॉडेलने बोलणं सांभाळावं, पण मात्रा नोंदीतूनच यावी आणि नोंद सापडली नाही तर "हे मला माहीत नाही" असं म्हणावं. यावर मी मागे हटणार नाही.

सामान्यरूप
मी भाषेच्या बाजूने बोलते. माणूस 'कांदा' म्हणतच नाही. तो कांद्यावर, कांद्याला, कांद्यात म्हणतो. करप्याने, करप्याचं. तुमच्या गाठीवर 'कांदा' लिहिलंय. मधलं सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचं बदलणारं 'कांद्या-' असं रूप, सोडवलं नाही तर ग्राफ काय आणि तक्ता काय, दार उघडणार नाही.

दुसरं, पुष्कळ जण रोगाचं नाव घेत नाहीत. "पातीचे शेंडे करपलेत" म्हणतात. इथे करपणं हे क्रियापद आहे, रोग असेलच असं नाही. फुलकिडे असतील, पाणी कमी पडलं असेल. तुमच्या नकाशात लक्षणांची पातळीच नाही. आयआयटी मुंबईत झालेला मराठी शब्दबंध हा शब्दकोशासारखा संग्रह शब्दांची नाती दाखवतो, पण शेंडा करपण्यामागची पाच कारणं त्यातून मिळणार नाहीत. ती शेतातूनच गोळा करावी लागतील.

बांधावरून
लक्षणांचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य. तिथे आम्ही कमी पडलो.

जॉइनवाला, तुम्हाला एक सांगायचं राहिलं. आमची माहिती भरणाऱ्या ताई कृषी पदवीधर आहेत, प्रोग्रामिंगशी संबंध नाही. तक्ते त्यांनी दोन महिने भरले, एक शब्द बोलल्या नाहीत. गाठी-रेघांचं चित्र पडद्यावर लावलं तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत बोट ठेवून म्हणाल्या, "भुरीची रेघ आंब्याकडे का नाही गेली? मोहोरावर भुरी येतेच की." माझा ग्राफचा आग्रह तिथून आलाय, वेगावरून नाही.

जॉइनवाला
हे आधी सांगायला हवं होतं, हा मुद्दा वजनदार आहे. तरी चित्र तीन रकान्यांच्या तक्त्यावरूनही काढता येतं.

बांधावरून
ठीक, आधी तसंच करून बघतो. द्राक्षाचा तो प्रश्न पोस्टग्रेसमध्ये लिहून ताईंपुढे ठेवतो. कुठल्या रेघेवरून कुठे गेलो हे त्यांना वाचता आलं तर तिथेच राहू, नाही तर निओफोरजे. आणि त्याच्याही आधी कांद्याची लक्षणं भरायला घेतोय: पात, शेंडा, मान, पीळ, डेंगळे. सामान्यरूप, यात कुठले शब्द राहिले ते इथेच लिहाल का?