चॅटरूममध्ये 'नको' मोजून मेसेज लपवणं बरोबर आहे का?

घाटवाट_कोडर
ट्रेकिंगवाल्यांसाठी छोटी चॅटरूम बनवलीय, चारेकशे जण आहेत. मॉडरेटर मी एकटाच आणि दिवसभर नोकरी, म्हणून सोय केली की ५ जणांनी 'नको' दाबलं की मेसेज आपोआप लपतो. मागच्या शनिवारी काही पोरं भर पावसात हरिश्चंद्रगडला नळीच्या वाटेने, म्हणजे तिथल्या अवघड चढाईच्या वाटेने, जायचं ठरवत होती, एका जुन्या ट्रेकर काकांनी लिहिलं की आत्ता तिथे वरून दगड येतात, जाऊ नका, आणि त्याच पोरांपैकी सहा जणांनी धडाधड 'नको' दाबून तो मेसेजच गायब केला. मला रात्री साडेअकराला लॉग बघताना कळलं. पोरं गेली नाहीत शेवटी, पण मला झोप लागली नाही. आकडा १० करू की वोटिंगच काढू?

रात्रपाळी
१० केलेस तर ते दहा जण जमवतील रे. तू एकाच बटणाला दोन कामं लावलीस, 'मला पटलं नाही' आणि 'हे नियमात बसत नाही'. पटण्या न पटण्यावरून मेसेज लपायलाच नको. तक्रारीचं बटण वेगळं ठेव आणि कारण निवडायला लाव, शिवीगाळ, जाहिरात, कुणाचा नंबर टाकला वगैरे. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर उत्तराला डाउनवोट, म्हणजे नापसंतीचं मत, दिलं की देणाऱ्याचाही १ पॉइंट जातो, त्यामुळे माणूस दाबायच्या आधी जरा थांबतो.

जुना_आयआरसीवाला
स्लॅशडॉट या टेक बातम्यांच्या साइटचा एक नियम मला फार आवडतो. ज्या चर्चेत तुम्ही स्वतः बोललात तिथे तुमचं मॉडरेशन, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रतिक्रियांना गुण देणं, चालत नाही. हा नियम असता तर त्या सहा जणांची मतं धरलीच नसती. बाकी चॅटमध्ये वोट तसाही उशिराच पोचतो, पाच मतं पडेपर्यंत मेसेज कुठच्या कुठे वर गेलेला असतो. भांडण पेटलं तर वेग कमी करायचा, आयआरसी या जुन्या इंटरनेट चॅटवर आम्ही प्लस एम मोड लावायचो, मग ऑपरेटर (रूम सांभाळणारे) आणि व्हॉइस, म्हणजे बोलायची परवानगी, दिलेले सोडून बाकी सगळे गप्प. टेलिग्रामने २०१९ मध्ये आणलेला स्लो मोड त्यापेक्षा सौम्य आहे, एकाच माणसाच्या दोन मेसेजमध्ये काही सेकंदांपासून १ तासापर्यंत अंतर ठेवता येतं.

अक्षरजुळणी
शिव्यांची यादी लावली असशील तर एक बघ. देवनागरीत दोन अक्षरांच्या मधे झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह टाकलं की शब्द वाचायला तोच राहतो पण यादीशी तुलना फसते. आधी टेक्स्टमधून अशी चिन्हं काढून साफ कर, मग तपास. रोमनमधली मराठी तर प्रत्येकाची वेगळी, तिथे यादीवर भिस्त ठेवू नकोस.

घाटवाट_कोडर
खूप आभार सगळ्यांचे. बटणं वेगळी केली, आता तक्रार आली तरी मेसेज जागेवरच राहतो, फक्त माझ्याकडे आणि अजून दोघांकडे नोटिफिकेशन येतं, त्यातली एक ताई नाइट ड्युटीवर असते म्हणून रात्रीचीही सोय झाली. काकांचा मेसेज पिन केला आणि फोन करून सॉरी म्हणालो. ते म्हणाले, मला वाटलं तूच काढलास, म्हणून परत काही लिहिलं नाही. आता मेसेज काढला तर कोणी आणि का काढला हे लिहिणाऱ्याला दिसेल असं आज रात्रीच टाकतोय.