लेक प्रीमेड, दुसरं वर्ष, कॉलेजात अजिबात रमत नाहीये, ट्रान्सफर करावं का?

गवारीची_शेंग (५ जानेवारी)

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, विभाग चुकला असेल तर हलवा प्लीज.

आम्ही सेंट्रल जर्सीत. मुलगी अपस्टेट न्यूयॉर्कमधल्या एका छोट्या खाजगी कॉलेजात बायॉलॉजी मेजर, प्रीमेड (पुढे मेडिकलला जायची तयारी), सोफोमोर इयर. घरापासून साडेचार तास ड्राइव्ह, बर्फ असेल तर सहा. थँक्सगिव्हिंगला आली तेव्हाच गप्प गप्प होती, आता विंटर ब्रेकला आली आणि बॅगच उघडली नाही, तशीच गराजमध्ये पडून आहे. परवा कणीक मळत होते तर मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, आई मला तिथे परत जायचं नाहीये. बस एवढंच. मी विचारलं काय झालं, तर म्हणे काहीच झालं नाही, हाच प्रॉब्लेम आहे.

रूममेट मध्येच सोडून गेली, गावात एक सिनेमा थिएटर नाही, गुरुवार रात्रीपासून पार्ट्या, हिला त्यात रस नाही. ऑर्गोमध्ये (ऑर्गॅनिक केमिस्ट्री) सी प्लस आला. हायस्कूलला ही मुलगी बी आला तर रडायची हो! जीपीए (४ पैकी सरासरी ग्रेड) आता ३.२८ आहे. कॉलेजकडून वर्षाला २४ हजार डॉलर मेरिट स्कॉलरशिप आहे ती ३.० च्या खाली गेलं की जाते. मी न राहवून डीन ऑफिसला फोन केला तर तिकडची बाई गोड आवाजात म्हणाली की फेर्पा (विद्यार्थ्यांच्या माहितीच्या गोपनीयतेच्या) कायद्यामुळे मुलीच्या परवानगीशिवाय आम्ही तुमच्याशी काहीही बोलू शकत नाही. फी आम्ही भरायची आणि बोलायचं मात्र नाही, असो.

नवरा म्हणतो दीड वर्ष काढलंच आहे, आता अडीच काढ, जागा बदलून ऑर्गो सोपं होत नाही. मला वाटतं रटगर्सला आणावं, वीस मिनिटांवर आहे, घरचं जेवेल तरी. पण मग मेडिकल स्कूलवाले ट्रान्सफर बघून नाक मुरडतात का? क्रेडिट्स फुकट जातात का? कोणाच्या मुलांनी केलंय का? सविस्तर सांगा प्लीज, रात्री झोप लागत नाहीये.

मिशिगनची_मावशी

गवारताई, माझ्या मुलाने केलंय, सोफोमोर झाल्यावरच. तो आता रेसिडेन्सीत (डॉक्टर झाल्यावरचं हॉस्पिटलातलं ट्रेनिंग) आहे, त्यामुळे पहिल्यांदा श्वास घ्या. ट्रान्सफर केलं म्हणून कोणी दार लावून घेत नाही.

पण एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली ती सांगते. नवीन कॉलेज क्रेडिट्स घेतं पण जीपीए घेत नाही, तिथे पाटी कोरी, आम्ही खूश झालो की चला जुना बी मायनस गेला. कसला जातोय! मेडिकलचा अर्ज जिथून जातो त्या ॲमकासला आयुष्यात जिथे जिथे कॉलेजचा कोर्स केला असेल त्या प्रत्येक ठिकाणची ट्रान्सक्रिप्ट लागते, हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजला एखादा घेतला असेल तर तो पण, आणि ते स्वतः सगळं मिळून जीपीए काढतात, सायन्सचा वेगळा काढतात. कोर्स परत घेतला तरी दोन्ही ग्रेड मोजतात. म्हणजे सी प्लस तुमच्याबरोबर येणार, कुठेही जा.

आणि प्रत्येक कोर्सचा सिलॅबस आत्ताच डाउनलोड करून ठेवायला सांगा. कॉलेजचं लॉगिन बंद झालं की मिळत नाही आणि नवीन कॉलेज नेमकं तेच मागतं, तुमच्या जेनेटिक्समध्ये लॅब होती का, किती तास होती वगैरे. आम्ही एका प्रोफेसरला ईमेल करून करून मागवला होता, ते बिचारे तोवर रिटायर झालेले.

हिशोबी_माणूस

भावना बाजूला ठेवून आकडे बघा. ट्रान्सफर स्टुडंटला मेरिट एड फारसं मिळत नाही, फ्रेशमनला मिळतं तसं तर नाहीच. म्हणजे २४ हजार गेले असं धरून चाला आणि मग तुलना करा. रटगर्सला इनस्टेट असल्यामुळे कदाचित तरीही स्वस्त पडेल, दुसऱ्या प्रायव्हेटला गेलात तर नाही. शिवाय बरीच कॉलेजं डिग्री देण्यासाठी निम्मे क्रेडिट्स आमच्याकडेच करा म्हणतात, त्यामुळे ज्युनियर (तिसरं वर्ष) व्हायच्या आत हललेलं बरं, नंतर एक सेमिस्टर जादा बसलं तर तोही खर्च. ५२९ मध्ये (कॉलेजसाठीचं बचत खातं) किती उरलेत ते बघा. पुढे मेडिकल स्कूलची फी आहेच, तिथे चार वर्षांचे दोन-तीन लाख डॉलर सहज होतात, अंडरग्रॅडला सगळं संपवू नका.

सदाशिवपेठी

एक बाळबोध प्रश्न. तिथे बायॉलॉजी करून मग डॉक्टर? इतका द्राविडी प्राणायाम कशाला, इथे भारतात आणा की, एनआरआय कोट्यात डीम्डला टाका, साडेपाच वर्षांत एमबीबीएस. उगाच पोरीला सतावताय.

ओपीडीतून

सदाशिवपेठी, उत्तर देतो कारण हा सल्ला लग्नाच्या पंगतीतही मिळतो. नीट द्यावी लागते, फी डॉलरमध्ये, आणि एमबीबीएस करून परत इथे अमेरिकेत रेसिडेन्सी हवी असेल तर यूएसएमएलई ही लायसन्सची परीक्षा देऊन फॉरेन ग्रॅज्युएट म्हणून रांगेत उभं राहायचं. इथल्या मेडिकल स्कूलच्या मुलांना मॅच (रेसिडेन्सीची जागा) मिळायचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर आहे, बाहेरून आलेल्यांचं त्यापेक्षा बरंच कमी. मी स्वतः त्याच रांगेतून आलोय, मिरजेहून, म्हणून सांगतो. ज्या मुलीला अपस्टेटमध्ये एकटं वाटतंय तिला मिरजेत काय वाटेल?

आता गवारताई. मी ओहायोत इंटर्निस्ट (फिजिशियन) आहे, काही वर्षं आमच्या इथल्या मेडिकल स्कूलच्या मुलाखतींना बसलोय. ट्रान्सफरबद्दल आम्ही एकच विचारतो, का केलं? 'मोठ्या रिसर्च लॅब हव्या होत्या', 'घरची अडचण होती', 'मला तिथे बरं वाटत नव्हतं आणि इथे आल्यावर ग्रेड वर गेले', ही सगळी चालणारी उत्तरं आहेत. न चालणारं उत्तर म्हणजे आधीच्या कॉलेजला शिव्या घालणं आणि नवीन ठिकाणी पण तेच ग्रेड असणं.

प्रीमेड ही डिग्री नाहीच मुळी, बायो, जनरल केम, ऑर्गो, फिजिक्स, बायोकेम वगैरे ठरलेले कोर्स झाले की मेजर संगीत असलं तरी चालतं. बऱ्याच देसी घरांत हे माहीतच नसतं, मुलं बायॉलॉजीत कुढत बसतात. प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.७५ च्या वर आणि एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) ५२८ पैकी ५११-१२ च्या आसपास असतो, त्या हिशोबाने ३.२८ कमी आहे, खोटं कशाला सांगू. पण दीड वर्षच झालंय. चढता आलेख आम्हाला आवडतो. आणि हल्ली निम्म्याहून बरीच जास्त मुलं एक-दोन गॅप इयर घेऊनच येतात, त्यामुळे ज्युनियर संपल्या संपल्या जूनमध्ये अर्ज गेलाच पाहिजे ही घाई डोक्यातून काढा.

ट्रान्सफरचा खरा तोटा ग्रेडमध्ये नाही, माणसांत आहे. रेकमेंडेशन लेटर लिहिणारे प्रोफेसर, लॅबमधली जागा, सगळं पुन्हा शून्यापासून. काही कॉलेजांत कमिटी लेटर (कॉलेजकडून एकत्रित शिफारस) असतं, त्यासाठी तिथे किती काळ शिकलेलं असावं लागतं ते नवीन कॉलेजच्या प्रीहेल्थ ॲडव्हायझरला आधी विचारा, ॲडमिशन घेतल्यावर नको. सी प्लस रिपीट करू नका, ऑर्गो टू आणि बायोकेममध्ये ए आणा, तेच पुरे.

पण हे सगळं नंतर. तिला डॉक्टर व्हायचंय का? तुमच्या पोस्टमध्ये कॉलेज आहे, ग्रेड आहे, स्कॉलरशिप आहे, जेवण आहे, हे वाक्य कुठेच नाही.

गवारीची_शेंग

डॉक्टर, तुमचं शेवटचं वाक्य वाचून आधी राग आला खरं सांगते. पाचवीपासून तीच म्हणतेय, आम्ही कधी जबरदस्ती केली नाही. पण मग आठवलं की गेल्या वर्षभरात तिने स्वतःहून म्हटलेलं नाही, मीच सगळ्यांना सांगत असते. विचारते. उद्या परत सोडायला जातेय, गाडीत बोलू.

अर्धं_इथे_अर्धं_तिथे

काकू, मी बाराव्या वर्षी इथे आले, माझं मराठी टायपिंग कच्चं आहे, सांभाळून घ्या. मी पण प्रीमेड होते, मी पण ट्रान्सफरचे फॉर्म भरलेले, आणि शेवटी गेले नाही.

मला दुसऱ्या वर्षी वाटायचं कॉलेजच वाईट आहे. मी लायब्ररीच्या तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसून डबा खायचे कारण डायनिंग हॉलमध्ये कोणाच्या टेबलवर बसायचं हे रोज ठरवणं ऑर्गोपेक्षा अवघड होतं. आमच्या ऑर्गोच्या पहिल्या मिडटर्मचा ॲव्हरेज ४९ होता, मला ४६, आणि कर्व्ह लावून (वर्गाच्या सरासरीवर ग्रेड ठरवून) तो बी मायनस होतो हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, मी दोन आठवडे समजत होते की मी नापास झाले. घरी फोनवर काय सांगायचे? 'मस्त चाललंय'. कारण आईचा दुसरा प्रश्न कायम मार्कांचा असायचा आणि पहिला जेवणाचा, मधलं काही नव्हतंच.

माझ्या बाबतीत प्रॉब्लेम कॉलेज नव्हता, मी कोणाला ओळखतच नव्हते. एका प्रोफेसरच्या ऑफिस अवर्सला जायला लागले, तिथे अजून चौघं यायचे, तेच मग मित्र झाले, इतकं साधं. पण माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत खरंच कॉलेज चुकीचं होतं आणि ती गेली ते बरंच झालं. सो मी असं नाही म्हणत की थांब. मी म्हणतेय की तिला तीन प्रश्न वेगळे वेगळे विचारा. हे गाव नको, हा विषय नको, की अत्ता काहीच नको? तिसरं असेल तर काउन्सेलिंग सेंटर, आणि लागलं तर लीव्ह घेता येते, ट्रान्सफरने ते बरं होत नाही. फार खाली वाटत असेल तर ९८८ हा हेल्पलाइनचा नंबर आहे, तिच्या फोनमध्ये असू दे.

आणि प्लीज, एक ईएमटी (ॲम्ब्युलन्सवरच्या तातडीच्या उपचारांचा) कोर्स करायला सांगा समरमध्ये. जर्सीत गावोगावी व्हॉलंटियर स्क्वॉड आहेत. कोणा अंकलच्या क्लिनिकमध्ये कोपऱ्यात उभं राहून काही कळत नाही, रात्री दोन वाजता कोणाच्या तरी आजोबांना जिन्यावरून खाली आणताना कळतं. मला कळलं की मला हे आवडतं पण दहा वर्षं शिकायचं नाहीये, मी आता पीए (फिजिशियन असिस्टंट) स्कूलला आहे.

मिशिगनची_मावशी

किती छान लिहिलंस गं. मराठी मुळीच कच्चं नाही.

हिशोबी_माणूस

ट्रान्सफरच्या तारखा विसरू नका. फॉल साठी बऱ्याच प्रायव्हेट कॉलेजांची डेडलाइन १ मार्च किंवा १५ मार्च असते, स्टेट युनिव्हर्सिट्यांच्या वेगळ्या, प्रत्येकाची साइट बघा. सध्याच्या कॉलेजकडून कॉलेज रिपोर्ट आणि प्रोफेसरचं पत्र लागतं, मिडटर्म ग्रेड पण मागतात काही ठिकाणी. फॉर्म भरला म्हणजे जायलाच पाहिजे असं नाही, फी वेव्हर मिळतो का बघा.

गवारीची_शेंग (११ फेब्रुवारी)

उशिरा लिहितेय, माफ करा, सगळ्यांचे मनापासून आभार.

सोडायला गेले तेव्हा वाटेत साडेचार तास ती कानात हेडफोन घालून. डॉर्ममध्ये पोचलो, मी म्हटलं आणलेल्या पोळ्या फ्रीजरमध्ये ठेवते, कॉमन किचनचा फ्रीजर उघडला तर ऑगस्टमध्ये दिलेल्या चाळीस पोळ्यांची चळत तशीच, फॉइलवर माझ्याच अक्षरात तिचं नाव, वर बर्फ. एक पण काढलेली नाही. मी काही बोलले नाही, ती पण नाही. मग वेगमन्स सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून बटाट्याची भाजी आणि ताज्या पोळ्या खाल्ल्या आणि तिथे बोलली एकदाची. पोळी गरम करायला गेलं की किचनमधल्या मुली विचारतात हे काय आहे, आणि मग गप्पा माराव्या लागतात, त्यात तिचा जीव जातो म्हणे.

डॉक्टर व्हायचंय म्हणाली. शनिवारी ती तिथल्या एका नर्सिंग होमला जाते हे मला माहीतच नव्हतं, एक ब्याण्णव वर्षांच्या आजी तिला दर वेळी नवीन बाई समजून तीच गोष्ट सांगतात, ती गोष्ट हिने मला आवाज काढून सांगितली. कितीतरी महिन्यांनी हसली.

ट्रान्सफर हवंच आहे तिला, मोठ्या शहरात, जिथे कोणाला कोणी बघत नाही. आणि रटगर्स नको! म्हटलं का गं, तर म्हणे तू दर रविवारी डबा घेऊन येशील. मला वाईट वाटलं पण खोटं काय आहे त्यात, मी आलेच असते. तिच्या बाबांची अट की रटगर्सचा फॉर्म भरायचाच, बाकी तीन तिने निवडलेत. चार फॉर्म भरतोय. काउन्सेलरकडे पण जायला लागलीये, पंधरा दिवसांतून एकदा.

ऑर्गो टू तिने ॲड-ड्रॉपच्या मुदतीतच काढून टाकला, त्यामुळे ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू (कोर्स मध्येच सोडल्याची खूण) नाही. त्याऐवजी स्टॅट्स आणि सायकॉलॉजी घेतलंय, जेनेटिक्स चालू आहे. आता प्रश्न असा की ऑर्गो टू समरला घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात करून टाकावा का? म्हणजे फॉलला मोकळी.

ओपीडीतून

नको. पाच-सहा आठवड्यांत ऑर्गो टू, तेही सी प्लसच्या पायावर? फॉलला नवीन कॉलेजात चार महिने घेऊन करा. फक्त तिथे ऑर्गोचा क्रम कसा आहे ते विचारा, काही ठिकाणी स्पेक्ट्रोस्कोपी वन मध्ये असते, काही ठिकाणी टू मध्ये, मधल्या फटीत मूल पडतं. समरला वनच्या नोट्स पुन्हा वाचू दे. आणि ईएमटीचं जे सुचवलंय ते करा, माझ्यापेक्षा चांगला सल्ला आहे तो.

नर्सिंग होमच्या आजींबद्दल तिने कुठेतरी लिहून ठेवलंय का? तारीख, तास, काय झालं ते. ॲमकासमध्ये पुढे लागतं आणि तोवर विसरायला होतं.

गवारीची_शेंग

नाही लिहिलेलं. आज रात्री फोन आहे तिचा, सांगते. म्हणजे आधी बाकीचं बोलते, मग सांगते.

अर्धं_इथे_अर्धं_तिथे

हाहा काकू, जमतंय.

हिशोबी_माणूस

निकाल आले की चारही ठिकाणची एड लेटर घेऊन इथेच या, नवीन धागा काढू नका, सापडत नाही मग.