अण्णांना दम लागला तो कोरोनाचा की हार्टचा?

कृष्णाकाठची
नमस्कार. गोष्ट एप्रिल 2021 मधली आहे. अण्णा तेव्हा 62 वर्षांचे, शुगर 14 वर्षांपासून. रात्री जेवणानंतर छातीत भरल्यासारखं झालं, दरदरून घाम फुटला. पित्त झालंय म्हणून ओवा चावून झोपले. पहाटे दम लागला. आडवं पडवेना, लोडाला टेकून बसून राहिले. ताप नव्हता, ऑक्सिजन 93. त्या दिवसांत दम म्हणजे कोरोनाच. एचआरसीटीचा (छातीच्या सीटी स्कॅनचा) स्कोअर 8 आला आणि थेट कोविड वॉर्डात. स्वॅब दोन्ही वेळा निगेटिव्ह. नऊ दिवसांनी घरी सोडलं.

आता पायाला सूज आली म्हणून 2डी इको (हार्टची सोनोग्राफी) केला, तर हार्टचं पंपिंग 35 टक्के. कोरोनानं हार्ट खराब झालं, की तेव्हा अटॅकच येऊन गेला? आम्हाला कळायला हवं होतं का? आई रोज हेच विचारते. ओवा तिनंच दिला होता.

वॉर्डातला_फिजिशियन
ताई, आधी आईंना सांगा, ओव्यानं काही बिघडलं नाही. शुगरवाल्यांच्या अटॅकमध्ये बऱ्याचदा छातीत कळ येतच नाही. घाम, मळमळ आणि दम, एवढंच. मशीन हाताशी असून आम्हीही चुकत होतो, तिथं घरच्यांना काय कळणार?

मी दुसऱ्या लाटेत तालुक्याच्या ठिकाणी कोविड वॉर्ड सांभाळला. ईसीजी पाच मिनिटांचं काम, पण पीपीई घातल्यावर ते पाच मिनिटांचं राहत नसे. दुहेरी हातमोज्यांत छातीवरचे रबरी फुगे नीट दाबता येत नसत, पेशंट घामानं निथळलेला, फुगे निसटायचे. ईसीजीची पट्टी वॉर्डाबाहेर न्यायची नाही, म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या मोबाइलनं फोटो काढून पाठवायचा. गॉगलवर वाफ धरलेली. यात ईसीजी मागे पडायचा आणि स्वॅबच्या रिपोर्टची वाट बघितली जायची. हे मला आजही खटकतं. ईसीजीला स्वॅबच्या रिपोर्टची काहीच गरज नव्हती.

ट्रोपोनिननंही (हार्टच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) घोळ व्हायचा. कोरोनाच्या गंभीर पेशंटमध्ये अटॅक नसतानाही तो वाढतो. म्हणून एका आकड्यावर न जाता काही तासांनी परत करायचा आणि चढ-उतार बघायचा. निगेटिव्ह स्वॅबवरही विश्वास नसायचा, कारण खऱ्या कोरोनातही तो निगेटिव्ह येतो.

तुमच्या वर्णनात मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, ताप-खोकला काही नसताना एका रात्रीत दम. कोरोनाचा दम बहुतेक करून तापानंतर पाच-सात दिवसांनी यायचा. दुसरी, आडवं पडवेना. हार्ट कमी पडलं की फुप्फुसात पाणी साचतं आणि माणूस उठून बसतो. हे पाणीही सीटीत धुरकटच दिसतं आणि स्कोअरमध्ये मोजलं जाऊ शकतं. फरक जागेचा: कोरोनाचे डाग जास्त करून कडेला असतात, हार्टचं पाणी मध्याकडे, आणि बरोबर हार्ट मोठं किंवा छातीच्या पोकळीत पाणी. ती जुनी सीडी रेडिओलॉजिस्टकडून परत वाचून घ्या.

इकोच्या रिपोर्टमध्ये एकाच भागाची भिंत हलत नाही असं लिहिलंय, की सगळंच हार्ट मंदावलंय? पहिलं असेल तर अटॅककडे कल जास्त. दुसरं असेल तर विषाणूनं स्नायूला आलेली सूजही धरावी लागेल. नक्की काय ते अँजिओग्राफी आणि गरज लागली तर हार्टच्या एमआरआयनं कळेल.

बारामतीकर
डॉक्टर, तेव्हा ईसीजीत अटॅक दिसला असता तरी काय फरक पडला असता? अँजिओला कोविड संशयिताला घेत कोण होतं?

वॉर्डातला_फिजिशियन
फरक पडला असता. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन वॉर्डातच देता येतं. त्रास सुरू झाल्यापासून 12 तासांच्या आत द्यायचं, जितकं लवकर तितका स्नायू वाचतो. कॅथलॅब (अँजिओ करायची खोली) मिळत नव्हती तेव्हा अनेक ठिकाणी हाच मार्ग होता. मी स्वतः दिलेत आणि माणसं चालत घरी गेलेली पाहिलीत. म्हणून तर चुकलेल्या ईसीजीचं इतकं वाईट वाटतं.

कृष्णाकाठची
डॉक्टर, रिपोर्टमध्ये पुढच्या भिंतीचंच लिहिलंय. आणि काल फाइल उपसली तर डिस्चार्ज कार्डामागे ईसीजीची पट्टी सापडली, दाखल केल्याच्या चौथ्या दिवसाची. कागद पिवळा पडलाय, रेघा जेमतेम दिसतात.

वॉर्डातला_फिजिशियन
ताई, तो थर्मल कागद असतो, त्यावरच्या रेघा उडत जातात. आजच झेरॉक्स काढा, मोबाइलवर उजेडात फोटोही घ्या. व्ही1 ते व्ही4 लिहिलेला भाग (हार्टच्या पुढच्या भिंतीचा) स्पष्ट यायला हवा. अँजिओला जाताना पट्टी, सीडी आणि इको तिन्ही न्या. आणि चालू गोळ्या मनानं बंद करू नका.

कृष्णाकाठची
गुरुवारची तारीख मिळालीय. तिन्ही पिशवीत भरून ठेवलंय. तुमचं पहिलं उत्तर आईला वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं तिनं.