किचनमधली मुलं ताप-जुलाब लपवून कामावर येतात. पगारी आजारी रजा नेमकी कशी बसवायची?

मरोळ_किचन (प्रश्न)

मरोळला केटरिंगचं किचन आहे. कुक, हेल्पर, भांडीवाले, पॅकिंगवाले धरून 26 माणसं, पहाटे 5 ते 1 आणि 1 ते रात्री 9 अशा दोन शिफ्ट. ऑफिसांचे साधारण 900 डबे रोज जातात. पगार 17 ते 20 हजार, पीएफ आणि ईएसआय (सरकारी कामगार विमा) सगळ्यांचं कापलं जातं.

पाऊस सुरू झाला की पोट बिघडलेली, अंगात कणकण असलेली माणसं गुपचूप येऊन कामाला लागतात. विचारलं तर "ठीक है सर". खाडा पडला की त्या दिवसाचा पगार जातो. शिवाय महिनाभर एकही खाडा नसेल तर 1,000 रुपये हजेरी भत्ता असतो, तोही जातो. मालकांचं म्हणणं असं, की ईएसआय भरतोच आहोत, आजारपणाचे पैसे तिथून मिळतात, आपण पुन्हा कशाला द्यायचे? त्यांना आकड्यांत काय सांगू?

दुसरी अडचण भट्टीच्या लाइनवर. मे महिन्यात आणि ऑक्टोबर हीटमध्ये माणसांना चक्कर येते. भट्टीवर धूर ओढणारं हूड आहे, पंखा फिरतो, तरी धूर तोंडावर येतो.

पगारपत्रक

मालकांचा हिशोब दोन दिवसांनी चुकतोय. ईएसआयचा आजारपण लाभ पहिले दोन दिवस मिळत नाही, तिसऱ्या दिवसापासून सुरू होतो. आधीचं आजारपण संपून 15 दिवसांच्या आत माणूस पुन्हा आजारी पडला तरच त्या दोन दिवसांचेही पैसे मिळतात. मिळतो तोही सरासरी रोजच्या पगाराच्या 70 टक्के, वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस.

18,000 पगाराचा माणूस घ्या. रोज 600, त्याचे 70 टक्के 420. पाच दिवस आजारी पडला तर तीन दिवसांचे 1,260 रुपये मिळतील, तेही ईएसआयच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट घेऊन, क्लेम भरून. आणि जुलाब होऊन दोन दिवस घरी राहिला तर? ईएसआयकडून शून्य. तुमच्याकडून 1,200 ची कपात, वर 1,000 चा भत्ता गेला. 2,200 म्हणजे पगाराचा जवळजवळ आठवा हिस्सा. दोन दिवसांच्या हगवणीसाठी कोण एवढं सोडेल? ते खोटं बोलत नाहीयेत, हिशोब करतायत.

किचनच्या दृष्टीने नेमके हेच पहिले दोन दिवस सगळ्यात वाईट, माणूस तेव्हाच सगळ्यात जास्त जंतू पसरवतो. ईएसआय लांबलेल्या आजारासाठी आहे. टीबीसारख्या ठरावीक दीर्घ आजारांना तर 80 टक्क्यांनी पुढे वाढीव लाभही मिळतो, पण त्याला दोन वर्षं सलग नोकरी लागते. पहिले दोन दिवस मालकानेच भरायला हवेत, ती जागा भरणारी दुसरी कुठलीही योजना नाही.

नव्या मुलांचं आणखी अवघड आहे. पहिल्यांदाच ईएसआयमध्ये आलेल्याला औषधोपचार पहिल्या दिवसापासून मिळतात, रोख आजारपण लाभ मात्र नोकरी लागल्यापासून नऊ महिन्यांनी सुरू होतो. जुन्यांनाही मागच्या सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली लागते. तुमचे भांडीवाले हेल्पर सहा-आठ महिन्यांत बदलत असतील तर त्यातल्या बहुतेकांना हा लाभ कधी दिसतच नाही.

आता गुमास्ता. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात 'आजारी रजा' असा वेगळा प्रकारच नाही. वर्षाला 8 पगारी किरकोळ रजा आहेत, त्या तिमाहीने जमा होतात आणि वर्षअखेर न घेतलेल्या बुडतात. म्हणजे जुलै ते सप्टेंबर या अख्ख्या पावसाळी तिमाहीत नव्या जमा होणाऱ्या रजा फक्त दोन. या 8 तुम्ही देताय का, ते आधी बघा. पगारपत्रकात किरकोळ रजेचा रकानाच नसेल तर बहुधा देत नाही आहात, आणि मग मालकांशी बोलणं 'नवीन खर्चा'वरून नाही, थकलेल्या देण्यावरून सुरू करा.

त्यावर वेगळ्या 6 आजारी रजा द्या, 1 जानेवारीला एकदम जमा, तिमाहीची भानगड नको. 26 माणसं × 6 दिवस × 600 म्हणजे सगळ्यांनी सगळ्या घेतल्या तरी वर्षाला 93,600. आणि हजेरी भत्ता मंजूर आजारी रजेने तुटता कामा नये. हे एक वाक्य घातलं नाही तर बाकी सगळं वाया. दोन दिवसांचा पगार मिळून हजार रुपये जाणार असतील तर माणूस येणारच.

तपासणी_वही

वरच्यात भर घालते. अन्न परवान्याच्या अटींत, 2011 च्या नियमांच्या परिशिष्ट 4 मध्ये, हे आधीच लिहिलेलं आहे: कावीळ, जुलाब, उलटी, ताप, तापासह घसा दुखणं, पिकलेली जखम किंवा गळू, कान-डोळा-नाकातून स्राव, यातलं काही असेल तर माणसाने सांगायचं आणि त्याला अन्न हाताळण्यापासून दूर ठेवायचं. वर्षातून एकदा नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी, विषमज्वर (टायफॉइड) गटाच्या लसी, त्यांची नोंद ठेवायची. तपासणीचे कागद फाइलला असतात, पण सर्टिफिकेट जानेवारीतलं आणि जुलाब जुलैतले. त्या कागदाचा उपयोग त्या दिवसापुरता.

रोज शिफ्ट सुरू होताना मुकादमाने चार प्रश्न विचारावेत: जुलाब-उलटी? ताप? हातावर जखम, गळू? घरात कुणाला कावीळ? वहीत नावापुढे हो-नाही. सगळ्यांसमोर ओरडून नको, हात धुण्याच्या बेसिनपाशी एकेकाला.

परत कधी घ्यायचं? जुलाब-उलटी थांबल्यापासून 48 तास पूर्ण झाल्यावर. औषध घेऊन थांबले त्या क्षणापासून नाही, शेवटच्या पातळ शौचापासून मोजा. म्हणूनच दोन दिवसांचा हिशोब पुष्कळदा तीन-चार दिवसांवर जातो आणि 6 रजा जास्त वाटत नाहीत. कावीळ असेल तर डोळे पिवळे झाल्यापासून किमान सात दिवस. विषमज्वरात ताप उतरला तरी शौचातून जंतू जात राहू शकतात, तिथे डॉक्टरच्या लेखी होकाराशिवाय किचनमध्ये घेऊ नका.

"जुलाब आहेत तर पॅकिंगला बसवतो" ही सगळ्यात नेहमीची चूक. संडास तोच, नळ तोच, दाराची कडी तीच. बोटाला झाकलेली जखम असलेल्याला स्टोअरला किंवा सिलेंडरच्या नोंदीला बसवता येतं, जुलाबवाल्याला कुठेच नाही.

कुणी आवारात उलटी केली तर हात धुवायला साबण-पाणीच वापरा, सॅनिटायझरने नोरोव्हायरस (उलटी-जुलाबाचा विषाणू) नीट मरत नाही. लादी आधी कागदाने टिपा, मग 5 टक्के हायपोक्लोराइट 1 लिटर पाण्यात 20 मिली घालून पुसा, दहा मिनिटं ओलं राहू द्या. द्रावण रोज नवीन करा. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नका, क्लोरिन वायू सुटतो. बंद मोरीत हा प्रकार जिवावर बेततो.

छोटा_मालक

ऐकायला छान आहे. पण पगारी रजा दिली की गणपतीच्या आदल्या दिवशी निम्मं किचन 'आजारी' पडणार. छटला बाकीचं निम्मं. तेव्हा डबे कोण भरणार?

पगारपत्रक

@छोटा_मालक, दादा, गावाला जायला सुट्टी मिळत नाही म्हणूनच माणूस आजारी पडतो. 240 दिवस भरलेल्याला दर 20 दिवसांमागे एक अर्जित रजा मिळते, 45 पर्यंत साठते. गणपती आणि छटच्या तारखा वर्षभर आधी माहीत असतात. महिनाभर आधी अर्ज, दोन गट, एक गट गणपतीला जाईल, दुसरा छटला, आणि तेवढ्यापुरते बदली कामगार. गावची रजा आणि आजारी रजा एकाच गठ्ठ्यात ठेवलीत तर माणूस सगळी गावासाठी राखतो आणि ताप आला तरी येतो.

गैरवापर होईल, थोडा होतोच. सहाची मर्यादा म्हणूनच आहे. दोन दिवसांपर्यंत सर्टिफिकेट मागू नका. डॉक्टरचे दोनशे-तीनशे रुपये आणि रांगेतला अर्धा दिवस, तेवढ्यासाठी माणूस पुन्हा कामावरच येईल. शिवाय नाक्यावर सर्टिफिकेट विकतही मिळतं, ते कुणाला माहीत नाही? तिसऱ्या दिवसापासून मागा, कारण तिथून ईएसआयसाठीही ते लागतंच. मात्र ईएसआयच्या दवाखान्याचं किंवा त्यांच्या पॅनल डॉक्टरचं हवं, गल्लीतल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर क्लेम होत नाही. आणि ज्या दिवसाचा पगार तुम्ही दिलात त्या दिवसाचा ईएसआय लाभ मिळत नाही, तेव्हा पहिले दोन दिवस तुमचे, पुढचे ईएसआयचे अशी वाटणी स्वच्छ बसते. माणूस दवाखान्यात मात्र पहिल्याच दिवशी गेला पाहिजे, कारण त्याचे दोन दिवस सर्टिफिकेटच्या तारखेपासून मोजले जातात.

उरलेल्या आजारी रजांचे वर्षअखेर पैसे देऊ नका. अनेक ठिकाणी हे चांगुलपणाने करतात, पण तो हजेरी भत्ताच झाला, फक्त डिसेंबरात मिळणारा.

हूड_डक्ट

धुराबद्दल. पंखा फिरतोय आणि धूर तोंडावर येतोय, तर आधी पंखा कुठल्या दिशेने फिरतोय ते बघा. थ्री-फेजच्या दोन वायरी उलट्या लागल्या असतील तर सेंट्रिफ्युगल ब्लोअर उलटा फिरतो आणि तरीही थोडी हवा ओढतो, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. मोटर दुरुस्तीला जाऊन आल्यावर हे हमखास होतं. ब्लोअरच्या अंगावरचा बाण आणि फिरण्याची दिशा जुळते का, इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या.

ते बरोबर असेल तर एक उदबत्ती घ्या. सगळे बर्नर चालू असताना हूडच्या कडेखाली धरा. धूर आत वळला पाहिजे. बाहेर येत असेल तर दार उघडून पुन्हा धरा. दार उघडल्यावर धूर आत जायला लागला, तर ब्लोअरचा दोष नाही, किचनला ताजी हवाच मिळत नाही. जेवढी हवा काढता तिच्या 80-85 टक्के परत आत सोडावी लागते. उरलेली पॅकिंगच्या बाजूने येऊ द्या, म्हणजे किचनचा वास आणि वाफ तिकडे जाणार नाही.

मापं: भट्टीची लाइन 2.1 मीटर बाय 0.9 असेल तर हूड प्रत्येक बाजूला 150 मिमी पुढे हवा, म्हणजे 2.4 बाय 1.2. तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला 0.5 मीटर धरला तर 2.88 × 0.5 = सेकंदाला 1.44 घनमीटर, तासाला साधारण 5,200 घनमीटर, म्हणजे 3,050 सीएफएम (मिनिटाला घनफूट). आत सोडायची हवा तासाला 4,300 घनमीटरच्या आसपास. बाजारात 2,000 सीएफएमचा पंखा "सगळ्या हॉटेलांना हाच देतो" म्हणून गळ्यात मारतात.

आणि तो पेडेस्टल फॅन. कुकच्या पाठीमागे लावलेला असणार. त्याचा झोत हूडखालची गरम हवा उडवून सगळ्या किचनभर पसरवतो. वारा द्यायचाच असेल तर वरून, हळू वेगाचा, हूडपासून लांब. हूडमधल्या बॅफल फिल्टरच्या (तेल अडवणाऱ्या जाळीच्या) पट्ट्या उभ्या बसल्यात का तेही बघा. आडव्या बसवल्या की तेल निथळत नाही, साचतं आणि पेटतं.

चक्कर येण्याचं कारण फक्त उष्णता नसेलही. ज्योत पिवळी असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा संशय घ्या, बर्नर साफ करून घ्या. डोकेदुखी एकाच वेळी दोघा-तिघांना झाली तर गॅस बंद, दारं उघडी, सगळे बाहेर. एलपीजीचा डिटेक्टर जमिनीपासून फूटभर उंचीवर हवा, हा वायू हवेपेक्षा जड असतो. छताला लावलेला डिटेक्टर शोभेचा.

पाणी दर 15-20 मिनिटांनी एक पेला, तहान लागायची वाट न बघता. नव्या माणसाला पहिल्या दिवशी भट्टीवर शिफ्टच्या पाचव्या हिश्श्याइतकाच वेळ ठेवा आणि रोज तेवढाच वाढवा. ताप-जुलाबातून उठून आलेल्यालाही तेच. शरीरातलं पाणी भरून निघालेलं नसतं, आपण मात्र त्याला "चार दिवस आराम झाला ना" म्हणून सरळ तंदूरवर उभं करतो. माणूस असंबद्ध बोलायला लागला तर 108 ला फोन, आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घाला. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

मरोळ_किचन

खूप उपयोग झाला. उद्या उदबत्ती लावतोच. दोन प्रश्न. तेल उडून भाजलं तर तीही आजारी रजाच का? आणि अंधेरी सबवेतून गुडघाभर पाण्यातून येणाऱ्यांचं काय करायचं?

पगारपत्रक

भाजणं ही आजारी रजा नाही. कामावरचा अपघात आहे, त्याला ईएसआयकडून सरासरी रोजच्या पगाराच्या 90 टक्के मिळतात, किती दिवस वर्गणी भरली याची अट नाही, पहिल्या दिवशी लागलेल्या मुलालाही. अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बंद असेल तर पहिल्या दिवसापासून धरतात. त्यासाठी अपघात वहीत नोंद आणि फॉर्म 12 (ईएसआयला अपघाताची खबर) लगेच ऑनलाइन. "कशाला कटकट, रजेत टाक" असं केलं की माणसाचे पैसे कमी होतातच, पण पुढे बोटं आखडली आणि कायमच्या अपंगत्वाचा दावा करायची वेळ आली तर मूळ नोंदच सापडत नाही.

तपासणी_वही

भाजलं की 20 मिनिटं नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नको. अंगठी, कडं लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाही.

साचलेल्या पाण्यातून आलेल्यांना आधी पाय साबणाने धुवायला लावा आणि पायाला जखम आहे का बघा. लेप्टोसाठी (साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) पालिका दर पावसाळ्यात सांगते, की 72 तासांच्या आत डॉक्टरच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन घ्या. पालिकेच्या दवाखान्यात विचारा, परस्पर गोळ्या वाटू नका, गरोदर बाईला हे औषध चालत नाही. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आणि पोटऱ्या दुखल्या तर "पाण्यातून गेलो होतो" हे डॉक्टरला आवर्जून सांगायला लावा. आणि रेल्वे बंद असलेल्या दिवशी लेट मार्क लावू नका, नाहीतर पाणी ओसरायची वाट कुणी बघणार नाही.

एक राहिलं. तुमची काही मुलं किचनच्या माळ्यावर झोपत असतील. त्यांना रजा दिली तरी ती त्याच संडासात जाणार. आजारी माणसासाठी वेगळी खोली नसेल तर निदान एक संडास आणि एक बादली-मग त्याच्यापुरता ठेवा, दारावर खूण करून.

मरोळ_किचन

माळ्यावर सात जण आहेत. संडास दोन. एक वेगळा ठेवता येईल. नोटीस कशी लिहू, सोप्या भाषेत?

पगारपत्रक

मराठी आणि हिंदी दोन्हीत, बेसिनच्या वर, टाइमकीपरच्या खोलीत नको. मजकूर एवढाच: "जुलाब, उलटी, ताप, कावीळ किंवा पिकलेली जखम असेल तर कामावर येऊ नका. शिफ्टच्या दोन तास आधी मुकादमाला फोन किंवा मेसेज करा. वर्षाला 6 दिवस पूर्ण पगार मिळेल, दोन दिवसांपर्यंत कागद लागणार नाही, हजेरी भत्ता कापला जाणार नाही." खाली मालकांची सही. आणि पहिल्या महिन्यात ज्याने रजा घेतली त्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर ते दिवस आणि भत्ता दोन्ही छापून दाखवा, मुलं नोटीस वाचत नाहीत, एकमेकांची चिठ्ठी बघतात.