महूला कोर्टमार्शल होऊन तस्मानियाला पाठवलेला गोरा शिपाई: कागद कुठे शोधायचे?

राजवाडा_इंदूर
नमस्कार मंडळी. आमची सूनबाई होबार्टची. तिच्या आजोळी पिढ्यान्‌पिढ्या असं सांगतात की त्यांचा मूळपुरुष इंग्रजी फौजेत शिपाई होता. १८४० नंतर कधीतरी महूला त्याचं कोर्टमार्शल झालं आणि तिथूनच त्याला व्हॅन डीमेन्स लँडला, म्हणजे आताच्या तस्मानियाला, काळ्या पाण्यावर धाडलं. नाव-आडनाव ठाऊक आहे, पण त्या नावाचे ढिगाने निघतात. जहाज आणि पलटण माहीत नाही. कैद्यांच्या नेहमीच्या वेबसाइटवर जुळणारा एकही सापडत नाही. महू आम्हाला जवळच, तेव्हा इंदूरच्या अभिलेखागारात किंवा महूच्या जुन्या गोऱ्या कबरस्तानात काही हाती लागेल का?

जुनं_दप्तर
कबरस्तान आधी डोक्यातून काढा. माणूस तिथे मेलाच नाही, तर दगड कुठला मिळणार? होळकर दरबारच्या मोडी कागदांतही वेळ घालवू नका. छावणीतल्या गोऱ्या शिपायाचा खटला दरबारापुढे येतच नसे.

नेहमीच्या वेबसाइटवर तो का नाही, याचं कारण सोपं आहे. त्या बहुतेक ब्रिटिश गृहखात्याच्या जहाजवार नोंदवह्यांवर उभ्या आहेत (लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमधली एचओ ११ ही मालिका). क्वीन्सलंडच्या स्टेट लायब्ररीने त्यांवरूनच सव्वा लाखाच्या आसपास नावांची यादी केली. एकूण कैदी १,६०,००० च्या वर गेले. त्या वह्या मुख्यतः ब्रिटनहून सुटलेल्या जहाजांच्या. तुमचा माणूस मुंबई किंवा कलकत्त्याहून एखाद्या व्यापारी जहाजावर चारदोन कैद्यांबरोबर गेला असणार. तो त्या यादीत नाही म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही.

१८४० हे साल मात्र पटतं. त्या वर्षी न्यू साउथ वेल्सला कैदी पाठवणं थांबलं, पुढचा ओघ व्हॅन डीमेन्स लँडकडे वळला आणि तिथेही १८५३ मध्ये बंद झाला. म्हणजे तेरा-चौदा वर्षांचाच पट्टा तपासायचा आहे.

आता लायब्ररीज तस्मानियाचा नावांचा निर्देशांक उघडा. फुकट आहे आणि मूळ पानांची छायाचित्रं घरबसल्या दिसतात. नाव टाकून ‘कैदी’ हा प्रकार निवडा. मग जहाज कुठून निघालं तो रकाना बघा, बॉम्बे किंवा बंगाल असेल तेवढेच ठेवा. ढिगातले दोन-तीनच उरतील. त्यांची कॉन ३३ ही वर्तणूक-नोंदवही उघडा (‘कॉन’ म्हणजे तिथल्या कैदी खात्याचं दप्तर, पुढे मालिकेचा क्रमांक). १८४० नंतर आलेल्या पुरुषांची हीच. त्याआधी आलेल्यांसाठी कॉन ३१. पानाच्या माथ्यावर धंदा, उंची, वय, रंग, केस, भुवया, नाक, हनुवटी, जन्मगाव, धर्म, लिहिता-वाचता येतं का, इतकं सगळं असतं. खटल्याच्या जागी ‘कोर्टमार्शल’ आणि छावणीचं नाव येतं. खाली तिथे गेल्यावरचे गुन्हे आणि शिक्षा, बारीक अक्षरात, लघुरूपांनी ठासून भरलेल्या. आईबाप, भावंडं, बायको यांची नावं हवीत तर कॉन १४ बघा.

महूच्या नावावर मात्र शोध टाकू नका. हे नाव होबार्टच्या कारकुनाने कसंही लिहिलेलं असतं आणि आज अनुक्रमणिका करणाऱ्याने ते आणखी बिघडवलेलं असतं. मूळ पान डोळ्यांनी वाचावं.

पलटणवाला_महू
वरचं सगळं बरोबर. फौजेच्या बाजूचं थोडं सांगतो.

पान मिळालं की सगळ्यात आधी पलटण वाचा. राणीची पलटण असेल, म्हणजे नुसता क्रमांक आणि ‘फूट’ (पायदळ) असं असेल, तर कागद लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. परदेशात झालेल्या जनरल कोर्टमार्शलांची नोंद डब्ल्यूओ (वॉर ऑफिस, म्हणजे युद्धखातं) ९० मध्ये आणि पलटणीचे हजेरीपट डब्ल्यूओ १२ मध्ये. हजेरीपट मागे मागे वाचत गेलात तर तो भरती कधी झाला, कोणत्या छावणीत कधी होता, हे कळतं. पलटण ईस्ट इंडिया कंपनीची असेल, उदाहरणार्थ बॉम्बे युरोपियन रेजिमेंट, तर डब्ल्यूओमध्ये काही सापडणार नाही. ते सगळं ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात. इथेच बरेच लोक चुकीच्या इमारतीत महिनोन्‌महिने शोधत बसतात.

दुसरं, महू म्हणजे मुंबईची फौज असं धरून चालू नका. १८५७ ला तिथे बंगालची २३वी नेटिव्ह इन्फंट्री होती. म्हणून लग्न-बाप्तिस्म्याच्या नोंदी बघताना बंगाल (एन/१) आणि मुंबई (एन/३) दोन्ही मालिका चाळा. आणि छावणी महूच होती हेही कागद दिसेपर्यंत सांगोवांगीच धरा. पुणे, खडकी, कामठी यांपैकी काहीही निघू शकतं.

राजवाडा_इंदूर
खूप आभार. बॉम्बेहून गेलेला एक सापडला, वय जुळतं. खुणांच्या रकान्यात डाव्या काखेखाली ‘डी’ असं काहीसं लिहिलंय. शिवाय शेजारी ‘टी एल’ आणि ‘सी पी’. हे काय असतं?

जुनं_दप्तर
‘डी’ म्हणजे पळपुटा, डेझर्टर. पलटण सोडून पळालेल्याच्या अंगावर सुयांनी शाई टोचून हे अक्षर गोंदत. ही पद्धत १८७१ पर्यंत चालली. वाईट चालीच्या शिपायावर ‘बीसी’ गोंदत. अशी खूण असेल तर माणूस फौजेतला, यात शंका नको. फक्त ‘डी’ दिसला म्हणून काळं पाणी त्याच गुन्ह्याला मिळालं असं समजू नका. खूण आधीच्या पलायनाची असू शकते आणि शिक्षा नंतर वरिष्ठावर हात उगारल्याची. ‘ट्रान्सपोर्टेड फॉर’ या शब्दांपुढे काय आहे ते वाचा.

टीएल म्हणजे तिकीट ऑफ लीव्ह: शिक्षा चालूच, पण स्वतःचं काम शोधायची मुभा. सीपी म्हणजे कंडिशनल पार्डन: सुटका झाली, पण मायदेशी परतायचं नाही. दोन्हींच्या तारखा टिपून ठेवा. शिक्षेत असताना लग्न करायचं तर सरकारची परवानगी लागे, तिचे अर्ज कॉन ५२ मध्ये आहेत. तिथे त्याच्या नावापुढे जहाजाचं नावही असतं. सूनबाईच्या मूळ आजीचं नाव शेजारी निघालं तर हाच तो माणूस. नाही निघालं तर अजून नक्की धरू नका. एकाच नावाचे दोघे एकत्र करून टाकलेले वंशवृक्ष नेटवर पोत्याने आहेत, त्यातून काही उचलू नका.

कारेलीबाग
एक टोक राहिलं. शोध दोन्हीकडून यायला हवा: सूनबाईपासून मागे, एकेक पिढी, दाखल्यानिशी. तस्मानियात जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंद डिसेंबर १८३८ पासून आहे, पण जुन्या मृत्यूनोंदीत आईबापांची नावं नसतात. तिथे मृत्यू सापडला नाही तर समोरच्या ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात बघा. १८५१ ला तिथे सोनं लागलं आणि सुटलेले कितीतरी कैदी सामुद्रधुनी ओलांडून गेले. व्हिक्टोरियाचे जुलै १८५३ नंतरचे मृत्यूचे दाखले फार भरलेले असतात: आईबाप, जन्मगाव, लग्न कुठे झालं, मुलं, वसाहतीत किती वर्षं. पैसे भरून दाखला डाउनलोड होतो. फक्त माहिती देणारा कोण ते बघा. मुलगा किंवा जावई असेल तर बापाचं कैदीपण लपवायला वर्षं आणि जन्मगाव बदलून सांगितलेलं सर्रास दिसतं. तारीख जुळत नसेल तर मृत्यूच्या दाखल्यापेक्षा कॉन ३३ वर भरवसा ठेवा.